जुन्या शिडाच्या बोटीची कुटुंबासाठी पुनर्बांधणी : बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजार भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने मुंबईजवळच्या खाडीकाठी एका यार्डात बरीच वर्षे पडून असलेली २६ फुटी शिडाची बोट विकत घेतली, ती ट्रेलरवरून बडोद्याला आणली, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये दुरुस्त केली आणि कोकण किनाऱ्यावर पुन्हा पाण्यात उतरवली. त्या कामात कोणता निर्णय कधी आणि कशाच्या आधारे घेतला गेला, याची ही नोंद आहे. ओळख पटेल असे तपशील आणि बोटीचे मॉडेल गाळले आहे. प्रस्तुत लेखकाचे या शेडवर येणेजाणे होते आणि काही निर्णयांच्या वेळी त्याचे मतही विचारले गेले होते.

कुटुंबातील पती प्रेशर व्हेसल (दाब सहन करणाऱ्या टाक्या) बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइन अभियंता आहेत. नोकरीच्या सुरुवातीला मुंबईत असताना ते डिंगी (लहान शिडाची होडी) चालवायला शिकले होते. पत्नी शाळेत गणित शिकवतात आणि खरेदीच्या वेळेपर्यंत त्यांचा पाण्याशी आलेला संबंध सुरसागरच्या काठावरून फिरण्यापुरताच होता. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. गायकवाडांचे आरमार एकेकाळी बिलिमोऱ्याला असे, ही गोष्ट या घरात कौतुकाने सांगितली जाते. मात्र शिडाच्या बोटीचे काम जाणणारा कारागीर त्यांना शहरात शोधूनही सापडला नाही.

बोट १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये बांधलेली होती. तळाचे कवच भरीव फायबरग्लासचे, डेकच्या दोन फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा लाकूड, डोलकाठी ॲल्युमिनियमची, वजन सुमारे ३ टन. तळाला मधोमध एक खोल कील (बोटीला तोल देणारे, तळाखालचे जड पाते) असण्याऐवजी दोन्ही अंगांना बिडाची एकेक आखूड कील होती. अशी बोट जेमतेम ३ फूट पाण्यात तरंगते आणि ओहोटीला चिखलात आपल्या दोन कीलांवर सरळ उभी राहते. वारा समोरून असताना नागमोडी पुढे जाण्यात ती खोल कीलच्या बोटीपेक्षा कमी पडते, पण कोकणातल्या खाड्यांसाठी ही रचना सोयीची आहे, आणि कुटुंबाने ती निवडण्याचे मुख्य कारणही तेच होते.

खरेदीपूर्वी पत्नीने एका कागदावर अपेक्षा लिहून ठेवल्या. चौघांनी झोपायचे, सलग चार रात्री राहता आले पाहिजे, मुक्काम खाडीत, दुपार उलटण्याच्या आत नांगर पडलेला असावा. दिवाळीची सुट्टी आणि जानेवारी ते मार्चमधले जोडून येणारे सुट्टीचे दिवस, एवढाच वापर गृहीत होता. पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात हा कागद बाहेर काढला गेला. या प्रकरणात जे निर्णय योग्य ठरले ते या कागदाला धरून घेतलेले होते आणि जे महागात पडले ते कारखान्याला काय बनवता येते यावरून सुचलेले होते, असे माझे मत आहे.

अडचण

बोट वरकरणी बरी दिसत होती. मालकाने नुकताच रंगही दिला होता, आणि विकाऊ बोटीला दिलेला ताजा रंग हे सावध होण्याचे कारण मानावे. डेकवर प्लास्टिकच्या लहान हातोडीने ठोकत गेल्यावर कठड्याच्या खांबांभोवती आणि डोलकाठीच्या पायाशी टणक आवाजाऐवजी बोदा आवाज आला. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून आतले बाल्सा लाकूड कुजले होते. तळाला पाण्याच्या पातळीखाली फोड आले होते. ते फोडल्यावर आंबट वासाचा द्रव निघाला. पॉलिस्टर रेझिनच्या जुन्या बोटींमध्ये पाणी थरांत शिरून असे फोड येणे नेहमीचे आहे आणि ते दिसतात तेवढे घातक नसतात. वाळवायला वेळ देता आला, तर ही दुरुस्ती कंटाळवाणी असली तरी अवघड नाही.

खरी काळजी कीलांच्या मुळाशी होती. दोन कीलांवर उभी राहणारी बोट भरतीच्या सुरुवातीला किंवा ओहोटीच्या शेवटी लाटांबरोबर उचलली जाऊन आपटते, तेव्हा कीला बाहेरच्या बाजूला फाकू पाहतात आणि तो सगळा ताण मुळाशी असलेल्या कवचावर येतो. आतली फळी उचलल्यावर तेथे कीलला समांतर जाणाऱ्या बारीक तडा दिसल्या. त्या वरवरच्या लेपातल्या होत्या की फायबरपर्यंत गेल्या होत्या, हे घासून पाहिल्याशिवाय सांगता येण्यासारखे नव्हते, आणि विकणाऱ्याची घासू देण्याची तयारी नव्हती.

याशिवाय समुद्राच्या पाण्यानेच थंड होणारे जुने डिझेल इंजिन पूर्ण जाम झाले होते. डोलकाठीच्या आधारतारा किती जुन्या आहेत हे कोणालाच माहीत नव्हते. बोटीची अंतर्रचना थंड देशासाठी होती: लहान खिडक्या, एकच वर उघडणारे झाकण आणि केबिनच्या भिंतींना जाड अस्तर. कोकणात फेब्रुवारीच्या दुपारी अशा केबिनमध्ये मुले टिकणार नाहीत, हे पहिल्या भेटीतच दिसले.

कागदपत्रांचा प्रश्न वेगळा होता. परदेशी मालकाने आणलेली बोट भारतात विकताना आयात शुल्क भरले गेले होते की नाही, ही बाब नंतरच्या प्रत्येक नोंदणीच्या आड येऊ शकते. शुल्काची पावती आणि विक्रीची पूर्ण साखळी हाती येईपर्यंत कुटुंबाने टोकन रक्कमही दिली नाही. यात दोन महिने गेले; ते सत्कारणी लागले असे म्हणावे लागेल, कारण त्या काळात किंमतही बरीच खाली आली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न काम कोठे करायचे हा होता. यार्डातच ताडपत्री टाकून काम करणे सरळ वाटत होते. क्रेन तेथे होती, सामान मुंबईत मिळत होते. पण पती-पत्नी दोघांचीही नोकरी बडोद्यात असल्याने शनिवार-रविवारच मिळणार होते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तळ वाळणे जवळजवळ अशक्य होते. गुजरातच्या किनाऱ्यावरचे एखादे जवळचे ठिकाण शोधण्याचा विचार पतीने केला आणि लगेच सोडला. बडोद्याच्या सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात, आणि तेथे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरपर्यंत जातो, प्रवाहही तितकेच जोरदार असतात. भावनगर बंदराला लॉकगेट बांधावे लागले ते याचमुळे. हौशी कुटुंबाने जुनी बोट घेऊन जाण्याची ती जागा नव्हे.

तिसरा पर्याय बोट बडोद्याला आणण्याचा. समुद्रापासून दूर नेऊन बोट दुरुस्त करणे ऐकणाऱ्याला विचित्र वाटते आणि नातेवाइकांमध्ये त्यावर पुरेशी थट्टाही झाली. पण हिशेब वेगळे सांगत होता. बोटीची रुंदी २.५७ मीटर, म्हणजे रस्त्यावरील वाहनासाठी असलेल्या २.६ मीटरच्या मर्यादेत बसणारी. डोलकाठी उतरवून शेजारी बांधली तर कमी उंचीच्या ट्रेलरवरून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास विशेष परवानगीशिवाय शक्य होता. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीची रिकामी शेड कमी भाड्यात मिळत होती. बडोद्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी असते आणि फायबरग्लास वाळवण्यासाठी तेवढेच हवे असते. शिवाय प्रक्रिया उद्योगांमुळे स्टेनलेस स्टीलचे वेल्डर, टर्नर आणि विनाविध्वंस (वस्तू न तोडता होणाऱ्या) तपासणीच्या प्रयोगशाळा शहरात हाताशी आहेत. दोन्ही बाजूंचा वाहतूक आणि क्रेनचा खर्च धरूनही, रोज संध्याकाळी शेडवर दोन तास जाता येणे हा लाभ निर्णायक ठरला.

हे सगळे सोडून लहान, नवीन बोट घ्यावी का, हा पर्यायही प्रामाणिकपणे तपासला गेला. २० फुटी नवी बोट तेवढ्याच एकूण खर्चात मिळाली असती, पण तिच्यात चौघांच्या झोपण्याची सोय नव्हती. कागदावरची पहिलीच अट तेथे मोडत होती.

इंजिनाचा प्रश्न सर्वांत लांबला. जुने इंजिन दुरुस्त करायचे तर त्यातील पाण्याच्या वाटा आतून गंजून गेल्या होत्या. पतीचा कल मागच्या बाजूला पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन लावण्याकडे होता: स्वस्त, हलके, बिघडले तर काढून गाडीत टाकता येणारे. पत्नीची हरकत दोन मुद्द्यांवर होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साठते, आणि पेट्रोलचे कॅन मुले बसतात त्या आसनाखालीच ठेवावे लागणार होते. दुसरे म्हणजे, उसळत्या समुद्रात बोटीची मागची बाजू वर उचलली की आउटबोर्डचा पंखा पाण्याबाहेर येतो, आणि इंजिनाची खरी गरज नेमकी तेव्हाच असते. विजेवर चालणाऱ्या मोटरचाही हिशेब झाला. एवढ्या बोटीला ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगासाठी शांत पाण्यात साधारण २ किलोवॅट लागतात असे धरले, तर १० किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर चार-पाच तास, म्हणजे १६ ते २० सागरी मैल. वारा समोरून आला की हा आकडा झपाट्याने घसरतो आणि खाडीत मुक्काम असताना बॅटरी पुन्हा भरायची कोठे, याचे उत्तर नव्हते. अखेर गोड्या पाण्याच्या बंद चक्राने थंड होणारे, दोन सिलिंडरचे नवे छोटे डिझेल इंजिन ठरले. निर्णय बरोबर होता, पण तो होईपर्यंत पावसाळा तोंडावर आला होता.

प्रत्यक्ष काम

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोट शेडमध्ये आली आणि स्वतःच्या कीलांवर उभी राहिली. त्यासाठी वेगळा सांगाडा बनवावा लागला नाही, हा दोन कीलांचा आणखी एक फायदा. तळावरचा जुना थर काढून तो गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतला गेला. ही पायरी अनेकजण टाळतात. फोडांमधला द्रव क्षारांसारखा ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे न धुता नुसते वाळवले तर ओलावामापक महिनोन्‌महिने तोच आकडा दाखवतो. एप्रिलअखेर आकडे समाधानकारक पातळीवर आले.

याच काळात कीलांचे बोल्ट काढले. आधी प्रत्येक कीलमधले दोनच काढून पाहायचे ठरले होते. त्यातला एक वरून आणि खालून चकचकीत होता, पण कवच आणि कील यांच्या सांध्याच्या पातळीवर तो कमरेसारखा बारीक झालेला निघाला. सांध्यात अडकलेल्या, प्राणवायू न मिळणाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलवरचा संरक्षक थर टिकत नाही आणि बाहेरून काहीही न दिसता धातू आत झिजत जातो. सगळे बोल्ट बदलायचे हे तेथेच ठरले. नवे बोल्ट कशाचे, यावर मात्र चांगली चर्चा झाली. गॅल्व्हनाइज्ड साधे पोलाद स्वस्त होते आणि दहा वर्षांनी बदलायचे ठरवून ते वापरता आले असते. ३१६ प्रतीचे स्टेनलेस म्हणजे तोच आजार पुन्हा. पतीच्या कारखान्याला माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे ड्युप्लेक्स २२०५ या अधिक टिकाऊ स्टेनलेसच्या गजांचे उरलेले तुकडे होते. क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांना धातू किती विरोध करतो हे सांगणारा पीआरईएन अंक ३१६ साठी २४-२५ च्या आसपास असतो, ड्युप्लेक्स २२०५ साठी ३५ च्या आसपास. भल्या मोठ्या बिडाच्या कीलमध्ये असे थोडे बोल्ट बसवले तर झिजणाऱ्या धातूचे क्षेत्रफळ खूप मोठे राहते, त्यामुळे विषम धातूंच्या जोडीची भीतीही फारशी उरत नाही. बडोद्यात काम केल्याचा सर्वांत मोठा लाभ या एका ठिकाणी झाला; किनाऱ्यावरच्या यार्डात हा पर्याय कोणाला सुचलाही नसता.

तडा घासल्यावर फायबरच्या पहिल्या थरापर्यंत गेलेल्या आढळल्या. कीलांच्या मुळाशी आतल्या बाजूने एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आडव्या फासळ्या घालून त्यांवर दोन दिशांना विणलेल्या काचकापडाचे थर इपॉक्सीत बसवले. थरांच्या कडा एकाच रेषेत न संपवता पायरीपायरीने मागे घेतल्या, नाहीतर कडक भाग जेथे संपतो तेथे नवी तडा जाते. फायबरग्लासचा कारागीर एरवी रसायनांच्या टाक्यांना अस्तर लावणारा होता. त्याचा हात अतिशय सफाईदार होता, पण टाकी जागची हलत नाही आणि बोट वाकते, हे त्याला पटायला काही दिवस गेले. एप्रिलमधल्या उन्हाने दुसरी अडचण आणली. तापमान १० अंशांनी वाढले की इपॉक्सीच्या प्रक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी भांड्यातले मिश्रण कापडाला लागण्याआधीच धुमसू लागे. त्यानंतर सगळे काम पहाटे, संथ हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य) वापरून आणि पसरट ट्रेमध्ये थोडे थोडे मिश्रण करून झाले.

डेकच्या कुजलेल्या भागांचा वरचा थर कापून, लाकूड काढून, नवे भरून तो परत बसवला. प्रत्येक बोल्टचे भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरले आणि त्यात पुन्हा नेमक्या मापाचे भोक पाडले, जेणेकरून पुढे सील गळाले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचणार नाही. या कामात मुलीने बरीच मदत केली आणि बोदा आवाज ओळखण्यात ती वडिलांपेक्षा तरबेज झाली.

आधारतारा ज्या पट्ट्यांना बांधल्या जातात त्या चेनप्लेट बाहेर काढून डाय-पेनिट्रंट तपासणीला दिल्या. कारखान्यात वेल्ड तपासण्यासाठी रोज वापरली जाणारी ही पद्धत आहे: लाल रंग लावायचा, पुसायचा, पांढरा लेप द्यायचा, तडा असेल तर लाल रेघ उमटते. दोन पट्ट्यांवर डेकच्या पातळीवर रेघ उमटली. धातूची प्रत ओळखणाऱ्या यंत्राने त्यांत मॉलिब्डेनम नसल्याचे, म्हणजे त्या खाऱ्या पाण्यात कमी टिकणाऱ्या ३०४ प्रतीच्या असल्याचे दाखवले. सगळ्या पट्ट्या ३१६ एल मध्ये नव्याने करून आरशासारख्या घासल्या, कारण खरखरीत पृष्ठभागावर मीठ टिकून राहते. तारांच्या बाबतीत मात्र स्थानिक उपाय नाकारावा लागला. माल उचलण्याच्या स्लिंगसाठी वापरला जाणारा वायररोप शहरात सहज मिळतो, पण तो लवचीक असतो आणि ताण आल्यावर लांबतो. डोलकाठीला १×१९ रचनेची (एकोणीस जाड एकेरी तारा पिळलेली) ताठ तार लागते. ती टोके बसवूनच मुंबईहून मागवली.

तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या सीकॉकसाठी जामनगरचे पितळी व्हॉल्व्ह घ्यावेत असे दुकानदाराने आग्रहाने सुचवले. ते दिसायला सुरेख होते. साध्या पितळातले जस्त समुद्राच्या पाण्यात हळूहळू निघून जाते, मागे गुलाबी, भुसभुशीत तांबे उरते आणि एक दिवस दांडा हातात येतो. येथे गनमेटलचे (मुख्यतः तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे) व्हॉल्व्ह घेतले आणि तेही त्याच यंत्रावर तपासून. डिझेलच्या टाकीची मात्र खास बडोदा पद्धतीने परीक्षा झाली: वेल्डवर एका बाजूने खडूचा लेप आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल. लेपावर एकही डाग आला नाही.

कारखान्याच्या सवयी प्रत्येक वेळी कामी आल्या नाहीत. सौर पॅनेल आणि छत धरण्यासाठी मागच्या बाजूला पाइपची कमान करायचे ठरले होते. फॅब्रिकेटरने प्लांटमधल्या कठड्यासाठी वापरतो तोच जाड पाइप वापरला, वेल्ड अप्रतिम केले, आणि तयार कमान उचलायला तीन माणसे लागली. पतीला ती लावायची होती. पत्नीने विचारले, की डेकच्या इतक्या वर एवढे वजन गेल्यावर बोट कलल्यानंतर सरळ होण्याच्या तिच्या ताकदीतून किती वजा होईल. आकडेमोड झाली, आणि कमान शेडच्या कोपऱ्यात गेली. तिच्याऐवजी शिडाच्या आडव्या दांड्यावरून टाकायचे कापडी छत मंडपवाल्याकडून, उन्हात न कुजणाऱ्या पॉलिस्टर दोऱ्याने, शिवून घेतले. केबिनवर आणखी दोन झाकणे आणि दोन लहान पंखे बसवल्यावर उकाड्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

नांगराचा हिशेबही पत्नीनेच मांडला. ओहोटीला ३ मीटर पाणी, भरतीचे ४ मीटर, पाण्यापासून डेकच्या टोकापर्यंत १ मीटर, एकूण ८. त्याच्या चौपट म्हणजे ३२ मीटर साखळी-दोर बाहेर सोडायला हवा. बोटीवर जेमतेम १५ मीटर साखळी होती. ८ मिलिमीटरची ३० मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर घेतला. स्वयंपाकाच्या गॅससाठी, तळाला बाहेर निघणारे भोक असलेला बंद कप्पा केबिनबाहेर केला, कारण गळालेला गॅस पेट्रोलच्या वाफेसारखाच खाली उतरतो. कठड्याला जाळी, मुलांसाठी पायांमधून पट्टा असलेली जाकिटे, डेकवर फिरताना अडकवायचे दोर, झोपताना मुले पडू नयेत म्हणून बिछान्याला कापडी कठडे ही कामे स्वस्त होती आणि लवकर झाली. व्हीएचएफ रेडिओवर संकटात हाक देण्याचे चॅनेल १६ कसे वापरायचे आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक, हे दोन्ही मुलांना पाठ करायला लावले.

इंजिन उशिरा आले आणि तोपर्यंत स्वयंपाकाचा ओटा बांधून झाला होता. नव्या इंजिनाच्या देखभालीसाठी बाजूने हात जाणे आवश्यक होते, म्हणून नवाकोरा ओटा कापावा लागला. दिवाळीचा मुहूर्त गेला. बोट जानेवारीत मुंबईला परतली.

परिणाम

पाण्यात उतरल्यावर पहिली मौज इंजिनाच्या संरेखनाने केली. शेडमध्ये मिस्त्रींनी शाफ्टची जोडणी डायल लावून मिलिमीटरच्या शतांशापर्यंत बरोबर आणली होती. पाण्यावर तरंगताच बोटीचा आकार किंचित बदलतो, त्यामुळे हे काम पाण्यात दोन दिवस गेल्यावर पुन्हा करायचे असते. ते केल्यावर थरथर थांबली. एक झाकण गळत होते, तेही दुरुस्त झाले. विम्यासाठी नेमलेल्या स्वतंत्र सर्वेक्षकाने कीलांचे काम विशेष बारकाईने पाहिले आणि त्यावर शेरा मारला नाही.

मुंबई बंदरातल्या सरावानंतर कुटुंब मांडवा, रेवदंडा आणि पुढे राजपुरीच्या खाडीपर्यंत गेले. या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून हलका वारा येतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी असतो, म्हणून जाणे सुखाचे झाले. खाडीच्या तोंडाशी एका तांडेलाने (मासेमारी होडीच्या प्रमुखाने) आपली होडी जवळ आणून सांगितले, “वहिनी, दुपारच्या आधी आत शिरत जा, नंतर वारा ऐकत नाही, आणि अंधारात पाण्यात लावलेली डोल जाळी दिसत नाहीत.” कागदावरची शेवटची अट समुद्र न पाहता लिहिलेली होती, ती अशी खरी ठरली. ओहोटीला बोट चिखलात उभी राहिली, मुले खाली उतरून खेकडे शोधत बसली, आणि आतल्या फासळ्यांवर लावलेल्या खुणेच्या रेघा जागच्या हलल्या नाहीत.

परतीचा प्रवास मात्र जमला नाही. समोरून येणारा वारा आणि आखूड लाटा यांत दोन कीलांची बोट नागमोडी जात फारशी पुढे सरकेना, मुलाला उलट्या सुरू झाल्या, आणि पतीने इंजिनावर रेटायचे म्हटले तरी तास फार होत होते. त्यांनी मागे फिरून बोट खाडीतच नांगरली, तांडेलाच्या देखरेखीखाली ठेवली आणि चौघे एसटीने पनवेलला व तेथून रेल्वेने बडोद्याला गेले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. बोट आता राजपुरीच्याच परिसरात राहते, आणि पावसाळ्यात लहान नौकांना समुद्र बंद असतो तेव्हा किनाऱ्यावर ओढून तिच्या कीलांवर उभी केली जाते. बोट मुंबईत ठेवण्याचा विचार घरात आता कोणी काढत नाही.

खर्च खरेदीच्या किमतीच्या सुमारे तिप्पट झाला. सर्वांत मोठा वाटा इंजिनाचा, त्यानंतर वाहतूक आणि क्रेन. फायबरग्लासचे साहित्य अपेक्षेपेक्षा कमी पैशांत झाले.

वेगळे काय करता आले असते

कीलचा किमान एक बोल्ट खरेदीपूर्वी काढून पाहण्याची अट घालायला हवी होती. विकणारा नाही म्हणाला असता, तर तो नकारच किमतीच्या वाटाघाटीत कामी आला असता. या वेळी नशिबाने साथ दिली. कवचाचे फायबर आतपर्यंत फाटलेले असते, तर ट्रेलरचा खर्च करून आणलेली बोट शेडमध्येच राहिली असती.

इंजिनाचा निर्णय इतर कोणत्याही अंतर्गत कामाआधी व्हायला हवा होता. लाकूडकाम हौसेचे असते, डोळ्यांना दिसते, म्हणून ते आधी सुरू होते. पण ओटा, पायऱ्या आणि टाक्या यांची जागा इंजिन ठरवते. येथे दिवाळीचा हंगाम याच उलट्या क्रमामुळे गेला. कमानीवरचे पैसेही वाचले असते, जर शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे वजन आणि तिची उंची पहिल्या दिवसापासून वहीत लिहिली गेली असती. ही वही नंतर सुरू झाली आणि तेव्हापासून फॅब्रिकेटरही काम घेताना आधी पाइपची जाडी विचारू लागला.

बोट कोठे ठेवायची हे दुरुस्तीआधी ठरवता आले असते का, यावर पती-पत्नीत अजून एकमत नाही. पतीचे म्हणणे असे, की राजपुरीला जाऊन राहिल्याशिवाय ते कळलेच नसते. वाऱ्याची दिशा आणि दोन कीलांचा स्वभाव दोन्ही आधीपासून माहीत होते, हे पत्नीचे म्हणणे मला अधिक पटते.

सर्वांत गंभीर उणीव बोटीत नव्हती. राजपुरीपर्यंतच्या प्रवासात बोट चालवू शकणारी व्यक्ती एकच होती. पती पाण्यात पडले असते, तर शीड उतरवून, इंजिन सुरू करून, बोट वळवून त्यांच्यापर्यंत आणणे पत्नीला त्या वेळी जमले नसते, आणि तसा सराव निघण्यापूर्वी केवळ एकदा, शांत पाण्यात, पतीच्या सूचना ऐकत झाला होता. शेडमधल्या जवळजवळ वर्षभरात मुंबईतल्या एखाद्या सेलिंग शाळेत तिचा अभ्यासक्रम सहज पूर्ण झाला असता. पुढच्या हंगामासाठी त्यांनी आता क्रम बदलला आहे: दिवाळीआधी पत्नीचे प्रशिक्षण, त्यानंतर पतीने केबिनमध्ये बसून राहायचे आणि तिने एकटीने बोट खाडीत आणून नांगरायची अशी चाचणी, आणि ती पार पडल्यावर सौर पॅनेलची खरेदी.